आपलं लहानपण, लेकरांचं लहानपण आणि मधली यंत्रं (विदर्भातल्या खेड्यांपुरतं)

पांदणवाट

दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. पारावर बसलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: मोबाइल आला आणि पोट्ट्यांचं लहानपण गेलं. मला हे तेवढ्यावर सोडून द्यावंसं वाटत नाही. लहानपण आमच्याही वेळी यंत्रांनी बदललं होतं, आमच्या बाबांच्याही वेळी. दर वेळी नेमकं काय बदललं, ते बारकाईनं पाहायला हवं.

माझ्या आठवणीतला टीव्ही १९८७-८८ च्या आसपासचा, काळा-पांढरा. गावात दोन-तीनच होते. रविवारी सकाळी पौराणिक मालिका लागायची तेव्हा सगळी गल्ली एका ओसरीत. एक जण कवेलूंच्या छपरावर चढून अँटेना फिरवायचा, खालून आवाज जायचा, "आलं, आलं... गेलं, गेलं." लाइन गेली तर कोणीतरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचा. त्याआधी रेडिओ होता, तोही असाच चारचौघांत ऐकायचा. म्हणून मला वाटतं, मोठा फरक पडद्याचा नाही. आधीची यंत्रं गावाची किंवा गल्लीची होती, मोबाइल ज्याचा त्याचा आहे. त्यामुळे लेकरू घरात असूनही घरात नसतं.

दुसरा फरक मला जास्त छळतो. मोठ्या भावाचा मुलगा सातवीत आहे. खरिपाची ई-पीक पाहणी आली की तो आबाजींसोबत, म्हणजे आजोबांसोबत, शेतात जातो. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर करायची, म्हणजे आमच्या घरी ती या पोरानं करायची. गट क्रमांक टाकतो, कपाशीत तूर किती ओळी ते आबाजींना विचारतो, धुऱ्यावर उभा राहून फोटो काढतो. रेंज गेली की बोअरच्या मोटारीजवळच्या उंचवट्यावर चढतो, कारण तिथे दोन काड्या येतात. ओटीपी आबाजींच्या साध्या फोनवर येतो, तो आकडा ते एकेक करून मोठ्यानं वाचतात. विम्याचा अर्ज, बँकेत अनुदान आलं की नाही, दहावीतल्या बहिणीचा फॉर्म, सगळं त्याच्याच गळ्यात. संध्याकाळी तोच पोरगा गेम खेळताना दिसला की घरातले सगळे त्याच्यावर ओरडतात.

आम्ही बारा वर्षांचे असताना आमच्यावर घराची अशी जबाबदारी नव्हती. कामं होती, डवऱ्यामागं चालायचो, कापूस वेचायचो. पण चुकलं तर घराचे पैसे अडकतील, हे ओझं नव्हतं.

तुमच्या गावात कोणतं यंत्र आलं आणि लेकरांचं काय बदललं, ते लिहा. फक्त मोबाइल नको, सगळंच.

जुना_रेडिओ

राम राम. मी मूर्तिजापूरकडला, सत्तरी पार केलेला मानूस. बोलतो मी, लिहिते माही नात. तिले सांगतलं का माहं बोलनं जसं हाये तसंच लिही.

आमच्या गावात रेडिओ म्हनजे ग्रामपंचायतचा. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ सालचं, पन आमच्या गावात तो आवाज पोचाले लय वर्षं लागले. घरी रेडिओ घ्याचा तं पोस्टातून लायसन काढा लागे, दरसाली पैसे भरा लागे. संध्याकायी मानसं बातम्या आन् बाजारभाव आयकाले बसत, आमी पोट्टे मांगं. मंधात कोनी बोललं का पाठीत धपाटा बसे. त्याच्यानं आयकाची सवय लागली. आजच्या पोट्ट्यायले पायता येते लय, आयकता येत नाई, असं मले वाटते.

आमची शकुंतला गाडी १९९४ परेंत कोयशाच्या इंजिनावर चालली. यवतमाय ते मूर्तिजापूर, आन् तिकडे अचलपूर. माह्या लेकायचं लहानपन त्या शिटीवर गेलं. घड्याय कोनाच्या घरी होतं? गाडी गेली का शायेले निंगा. आता गाडीच बंद हाये.

माह्या बापानं मले तिफन धराले शिकोलं, मी माह्या पोराले बैल हाकलाले. आता मीच नातीले इचारतो, बाई, पैसे आले का खात्यात. नातीले इचाराचं मले वाईट नाई वाटत. वाईट याचं वाटते का तिले माह्याजवळून शिकाले काई उरलं नाई.

(हे मी, नात लिहितेय. आबाजी, पाणी येणार का ते मी अजून तुम्हालाच विचारते. मोबाइलवरचा पाऊस तालुक्याचा असतो, आपल्या शिवाराचा नसतो.)

पाणवठा

पांदणवाट भाऊ, जुना_रेडिओ आबाजी, दोघांचं मनापासून वाचलं. पण तुमच्या आठवणींतल्या त्या ओसरीत मुली कुठे होत्या ते सांगा.

मी आर्वी तालुक्यातली. माझी आई पहाटे जात्यावर बसायची. मला समज आली तेव्हा गावात डिझेलची चक्की नुकतीच आली होती. तिचा पुक-पुक आवाज शिवारापर्यंत जायचा. त्या चक्कीनं आईची पहाट सोडवली आणि आईची पहाट सुटली म्हणून माझी शाळा वेळेवर सुरू झाली. नाहीतर धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसणं माझ्याकडेच होतं. भवरे, कंचे, विटीदांडू हे तुमचे खेळ. आम्ही बिल्लस खेळायचो तेही पाणी भरून झाल्यावर, भाऊ झोपला तर. विहिरीवरून गुंडी, कळशी. उन्हाळ्यात विहीर खोल गेली की वाडीतल्या विहिरीवर. पुढे बोरिंग झालं, हँडल मारून हात दुखायचे, पण घराजवळ पाणी आलं. संक्रांत झाली की कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून, मोळ्या बांधून डोक्यावर आणायच्या, वर्षभराचं सरपण तेच.

आमच्या हक्काचा महिना एकच, भुलाबाईचा. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत रोज रात्री घरोघर गाणी म्हणत फिरायचो, डबा वाजवून खाऊ ओळखायला लावायचो. जी मुलगी एरवी दिवे लागल्यावर उंबरठा ओलांडत नसे, ती त्या महिन्यात रात्री आठ-नऊपर्यंत गल्लीत असायची. टीव्ही आल्यावर हे पहिलं कमी झालं. घरातल्या बायाच मालिकेसाठी घाई करायला लागल्या, गाणी दोन-दोनच म्हणा म्हणू लागल्या. ते मला आजही लागतं.

तरीही मला जुनं परत नको. माझी भाची मुलींना शाळेत नेणाऱ्या मानव विकास योजनेच्या निळ्या बसनं तालुक्याला जाऊन बारावी झाली. आमच्या वेळी गावातली शाळा सातवीपर्यंत, पुढे पाच किलोमीटर पायी, म्हणून आमच्यातल्या निम्म्या मुलींचं शिक्षण तिथंच थांबलं. ती बस तुमच्या यंत्रांच्या यादीत कुठेच नाही. गॅसची शेगडी नाही, चक्की नाही, नळ नाही. पोरींचं लहानपण याच यंत्रांनी लांबवलं.

विहाराजवळ

पाणवठा ताईंनी सुरुवात करून दिली म्हणून लिहितो.

"टीव्ही गल्लीचा होता." कोणत्या गल्लीचा? आमच्या वस्तीतली मुलं त्या ओसरीवर बसत नव्हती. खिडकीच्या गजांना धरून बाहेरून बघायची. पावसात पोत्याची खोळ घेऊन उभे राहायचो. कोणी हाकलून देत होतं असंही रोज नव्हे, पण आत या असं कोणी म्हटलं नाही. मालिका संपली की आतली मुलं गोष्टीवर बोलायची. आम्हाला अर्धे संवाद ऐकूच आलेले नसायचे.

आमचं पहिलं स्वतःचं यंत्र विहारातला टेपरेकॉर्डर. वस्तीनं वर्गणी काढून घेतला होता. १४ एप्रिलच्या आधी आठवडाभर त्यावर भीमगीतं वाजायची. कॅसेटची फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायचं काम माझं होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जायचो, तिथून कॅसेटी आणि पुस्तकं घेऊन यायचो. माझं लहानपण त्या कॅसेटींचं आहे.

म्हणून मोबाइलबद्दल माझं मत वेगळं आहे. माझ्या मुलीला काही बघायला, ऐकायला, शिकायला दुसऱ्याच्या खिडकीशी उभं राहावं लागत नाही. ज्याचा त्याचा आहे हीच त्याची मोठी गोष्ट आहे. लेकरं एकटी पडतात हे खरं असेल, पण आम्ही गर्दीतही बाहेरच होतो.

पांदणवाट

विहाराजवळ, तुम्ही लिहिलंत ते या धाग्यात यायलाच हवं होतं. तुमची पोस्ट मी घरात वाचून दाखवली. आमचे आबाजी बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, आपल्या ओसरीलाही खिडकी होती. आता "गावाचा" हा शब्द वापरताना गाव म्हणजे कोण, हे आधी विचारावं लागेल.

पाणवठा ताई, चक्की आणि बस खरंच माझ्या डोक्यात नव्हती. पुरुष माणसं यंत्र म्हटलं की करमणुकीचंच धरतात, हे तुमच्यामुळे दिसलं.

खडूफळा

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, बुलडाणा जिल्ह्यात. आमच्या गावातल्या लेकरांचं लहानपण माझ्या डोळ्यांसमोर मार्च २०२० ला बदललं. त्याआधी मोबाइल बापाच्या खिशात असायचा. शाळा बंद झाल्या आणि सरकारनं, शाळेनं, आम्ही शिक्षकांनीच सांगितलं की अभ्यास मोबाइलवर आहे. तिसरी-चौथीच्या मुलाच्या हातात तो आपण मोठ्यांनी दिला, हे विसरून आज त्यांनाच बोल लावणं मला पटत नाही.

त्या काळात घरात फोन एक, तोही बापासोबत शेतात जायचा. मी सकाळी गटावर टाकलेला अभ्यास पोरांना रात्री आठला दिसायचा. बाप दमलेला, रिचार्ज संपत आलेला, दोन भावंडं एका फोनवर. काही दिवस मी देवळाच्या भोंग्यावरून पाढे आणि कविता घेतल्या. ओसऱ्या-ओसऱ्यांवरून पोरं मागे म्हणायची, त्यात शाळेत न जाणारी लहानगीही म्हणायची. शाळा परत भरली तेव्हा तिसरीतली मुलं जोडाक्षरावर अडखळत होती आणि व्हिडिओ मात्र न वाचता सफाईनं शोधत होती. आवाजानं शोधायचं त्यांना समजलं होतं.

आणखी एक गोष्ट आमच्याकडे रोज दिसते. मधल्या सुट्टीत पोरं आपसांत हिंदीत खेळतात. कार्टून हिंदीत, गेमचे व्हिडिओ हिंदीत, म्हणून भांडणही हिंदीत. घंटा झाली की पुन्हा वऱ्हाडी. मी टोकत नाही, पण आमच्या खेळांतले शब्द, राज्य, चिडी, आऊट होण्याचे जुने नियम, हे सगळं मागे पडतंय.

बंदीबद्दल. पुसद तालुक्यातल्या बांसी गावानं २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की १८ वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरायचा नाही. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं वेगळं केलं: संध्याकाळी सातला भोंगा, दीड तास घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद. मला दुसरी रीत जास्त भावते. त्यात आईबापांनाही फोन खाली ठेवावा लागतो. पहिल्या रीतीत पोरांना नाही म्हणायचं आणि पांदणवाट यांनी लिहिलं तसं पीक पाहणीला त्यांनाच हाक मारायची, हे कसं जुळणार?

वैनगंगेकाठी

गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज-वडसा भागातून. आमच्याकडची गोष्ट थोडी उलटी आहे. टीव्ही आला, व्हिडिओ आला, मोबाइल आला, पण झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाचं, नाटक गेलं नाही. दिवाळीनंतर मंडई (गावोगावची जत्रा) सुरू झाली की रात्रभर नाटक असतं. आम्ही लहानपणी स्टेजसमोर तनस अंथरून जागा धरायचो, अर्धं नाटक झोपेत जायचं, पेटीचा सूर चढला की डोळे उघडायचे. आजची पोरंही येतात, तिथंच झोपतात. मध्येच मोबाइल उंच करून नाचाचा व्हिडिओ काढतात आणि जे गाव सोडून पुण्याला कंपनीत गेले त्यांना पाठवतात.

शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, मात्र २०१४ ला सुप्रीम कोर्टाच्या बंदीनं थांबला आणि २०२१ च्या डिसेंबरात परत परवानगी मिळाली. मधल्या वर्षांत वाढलेल्या पोरांनी पट पाहिला तो मोबाइलवरच, जुन्या व्हिडिओंत. माझ्या पुतण्याला नामांकित जोड्यांची नावं पाठ होती, प्रत्यक्ष एकही जोडी धावताना पाहिलेली नव्हती.

आणि दक्षिण गडचिरोलीचं वेगळं. भामरागड, एटापल्लीकडे लेकरांचं वर्ष अजून जंगलावर चालतं. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफूल वेचायला, मे महिन्यात तेंदूपत्त्याला. ७० पानांचा एक पुडा, लेकरं पुडे बांधता बांधता मोजणी शिकतात. घरातला पहिला स्मार्टफोन बहुतेक ठिकाणी त्या तेंदूच्या पैशांतून येतो. म्हणजे ज्या हातांनी पानं तोडली त्यांच्याच हातात फोन आहे. बसल्या जागी मिळालेली वस्तू म्हणून त्याच्याकडे पाहू नका. रेंजसाठी टेकडीवर चढणारी, झाडाखाली फोन ठेवून वाट बघणारी पोरं तिथं आजही आहेत.

पहाटेची_धाव

वाशिम जिल्हा. या धाग्यावर मी सगळ्यांत लहान असेन, पोलीस भरतीची तयारी करतो. सप्टेंबर २०१६ ला फोरजीचं स्वस्त इंटरनेट सुरू झालं तेव्हा मी शाळेत होतो. तुम्ही सगळे ज्या पिढीबद्दल बोलताय ती माझी आहे, म्हणून आमचीही बाजू ऐका.

लोडशेडिंग मला चांगलं आठवतं. संध्याकाळी लाइन जायची ती मध्यरात्री यायची. सगळे अंगणात, आजी गोष्ट सांगायची, आम्ही रेसटीप खेळायचो, अंधारात लपायला फार मजा. लाइन टिकायला लागली आणि तो खेळ संपला. मोबाइल त्यानंतर आला.

दुसरं म्हणजे आम्ही खेळायचं कुठे? बाबा सांगतात, उन्हाळ्यात सगळी खळी रिकामी असायची, सारवलेली, सपाट. गावाभोवती मैदानंच मैदानं. सोयाबीन आलं, थ्रेशर आलं, मळणी शेतातच व्हायला लागली आणि खळ्यांच्या जागेवर घरं झाली. ई-क्लास जमिनीवर, म्हणजे सरकारी गायरानावर, अतिक्रमण झालं. चिंचेचं झाड, ज्यावर बाबा डाबडुबली खेळले, ते रस्ता रुंदीकरणात गेलं. गल्लीतून दिवसभर मोटारसायकली. सगळ्या जागा गेल्या, मग पोरगा पडद्यात खेळतो तर त्याला म्हणतात, मोबाइलचं वेड लागलं. मी १६०० मीटरचा सराव पहाटे पाचला राज्य मार्गावर करतो, ट्रकच्या उजेडात. गावात सरळ धावायला जागा नाही.

गणित मी व्हिडिओवरून शिकलो. क्लास लावायला वाशिमला खोली करावी लागली असती, ते घरच्यांना झेपत नव्हतं. पंपाची मोटार जळाली तेव्हा वाइंडिंग कसं करतात ते पाहून मित्रानं दुकान टाकलं. मोबाइलनं आमचं नुकसानही केलंय, हे मी मान्य करतो. सलग तासभर पुस्तक वाचणं मला जड जातं, मधे हात आपोआप खिशाकडे जातो. ते सोडवायला मी फोन घरी ठेवून देवळात अभ्यासाला बसतो.

पाणवठा

पहाटेची_धाव, बेटा, खळ्यांचं तू लिहिलंस ते अगदी खरं. आमचं बिल्लसही खळ्यावरच आखलेलं असायचं. पण तू राज्य मार्गावर तरी धावतोस. माझ्या गावातल्या भरतीच्या मुली पहाटे पाचला कुठे धावतील? त्या घराच्या स्लॅबवर दोरीच्या उड्या मारतात.

आणि पांदणवाट भाऊ, तुमच्या पुतण्याच्या गळ्यातलं काम काढायचं असेल तर घरातल्या बायांना शिकवा. माझी जाऊ दहावी आहे, तिला ई-पीक पाहणी एका हंगामात जमली. शेतात ती रोज असते, कोणत्या ओळीत काय पेरलंय ते तिला कोणापेक्षाही जास्त माहीत. पासवर्ड तिनं डायरीत लिहून तांदळाच्या कोठीत ठेवलाय. घरातल्या मोठ्यांनी शिकायचं टाळलं म्हणून ते काम लेकरावर पडलं.

पांदणवाट

ताई, वहिनीला विचारलं. ती म्हणाली, मला कोणी दाखवलंच नाही. रब्बीची नोंद तिच्या हातून करवून घेतो, पोरगा शेजारी बसेल.

पहाटेची_धाव

खडूफळा सर, एक विचारायचं आहे. गावाच्या कडेला ई-क्लासची थोडी जागा अजून मोकळी आहे, बाभळी वाढल्यात. ती मैदानासाठी राखायची तर ग्रामपंचायतीत काय करावं लागतं?

खडूफळा

आधी तलाठ्याकडून त्या गटाचा सातबारा आणि नकाशा काढ, जागा कोणाच्या नावे आणि कशासाठी आहे ते पक्कं कळेल. मग ग्रामसभेच्या आधी लेखी अर्ज दे, विषयपत्रिकेत विषय आला का ते बघ. सभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला असतात. ठराव तोंडी करून सोडू नका, इतिवृत्तात लिहिलेला वाचून मगच उठा. पुढे तो महसूलकडे जातो, वेळ लागतो, पाठपुरावा तुम्हालाच करावा लागेल. गावकरी तयार असतील तर बाभळी काढायचं श्रमदान ठरावानंतरच करा, आधी नको, वाद होतात.

पहाटेची_धाव

सातबारा उद्या काढतो. २ ऑक्टोबरच्या सभेला विषय देतोय, अर्जावर दहा-पंधरा पोरांच्या सह्या घेतल्या आहेत. पाणवठा ताई, मुलींच्याही सह्या घेतो. धावपट्टीसोबत खो-खोची जागा आणि पहाटेसाठी दोन दिवे, असं अर्जात लिहिलंय.